विभागीय चौकशी आणि फौजदारी तपास : क्रॉफर्ड प्रकरणाच्या (१८८८-८९) संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

शासकीय सेवकावर लाच घेतल्याचा आरोप आला की दोन यंत्रणा एकाच वेळी कामाला लागतात. पोलीस गुन्हा नोंदवून तपास करतात आणि न्यायालयात दोषारोपपत्र दाखल करतात. संबंधित खाते त्या सेवकास निलंबित करून त्याच्यावर स्वतंत्र दोषारोप ठेवते व चौकशी अधिकारी नेमते. घटना एकच असते, कागदपत्रे बहुधा तीच असतात आणि साक्षीदारही बहुतांशी तेच असतात. मात्र दोन्हीकडे विचारला जाणारा प्रश्न वेगळा असतो. या इसमाने गुन्हा केला काय, हे न्यायालय ठरविते. हा इसम सेवेत राहण्यास पात्र आहे काय, हे खाते ठरविते.

कायद्याच्या पाठ्यपुस्तकांत हा फरक एका परिच्छेदात आटोपलेला आढळतो. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र तो इतका सरळ दिसत नाही. एखादे प्रकरण कोणत्या मार्गाने न्यावयाचे, हे कोण ठरविते? एका मार्गावर दिलेले वचन दुसऱ्या मार्गावर पाळले जाते काय? या दोन यंत्रणांच्या मध्ये उभा असलेला साक्षीदार कोणाच्या भरवशावर बोलतो? हे प्रश्न महाराष्ट्रात प्रथम तीव्रतेने उभे राहिले ते १८८८-८९ साली, पुण्यात चाललेल्या क्रॉफर्ड प्रकरणात. या प्रकरणाचा उल्लेख लोकमान्य टिळकांच्या चरित्रांत त्यांच्या सार्वजनिक कार्याच्या आरंभीचा एक प्रसंग म्हणून येतो. प्रस्तुत लेखात त्याकडे प्रशासनाच्या व न्यायाच्या इतिहासातील घटना म्हणून पाहिले आहे. विभागीय चौकशी व फौजदारी तपास यांतील सीमारेषा आरोपाच्या स्वरूपापेक्षा आरोपीच्या दर्जावरून व शासनाच्या सोयीवरून आखली गेली आणि त्याची किंमत खालच्या पायरीवरील साक्षीदारांनी मोजली, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे. लेखाच्या उत्तरार्धात स्वातंत्र्योत्तर काळात या प्रश्नाला मिळालेल्या उत्तरांचा परामर्श घेतला आहे.

१८५० चा कायदा : न्यायालयासारखी, पण न्यायालय नसलेली चौकशी

क्रॉफर्ड प्रकरणाच्या मुळाशी १८५० चा सदतिसावा कायदा आहे. शासनाच्या मंजुरीवाचून ज्यांना पदावरून दूर करता येत नाही, अशा लोकसेवकांच्या वर्तनाची चौकशी कशी करावी हे या कायद्याने ठरवून दिले. तो ज्या काळी झाला तो काळ लक्षात घेणे आवश्यक आहे. भारतीय दंड संहिता १८६० मध्ये आली आणि पहिली फौजदारी प्रक्रिया संहिता १८६१ मध्ये. म्हणजे सर्व देशाला लागू होणारा फौजदारी कायदा अस्तित्वात येण्यापूर्वीच कंपनी सरकारने आपल्या वरिष्ठ सेवकांसाठी चौकशीची ही स्वतंत्र पद्धती निर्माण केली होती.

त्यामुळे या कायद्याची रचना बरीचशी खटल्यासारखी झाली. शासनास आरोपात तथ्य असल्याचे वाटल्यास आरोपांची स्पष्ट कलमे तयार करावयाची, आयुक्त नेमावयाचे, शासनाची बाजू मांडण्यासाठी प्रतिनिधी नेमावयाचा, आरोपीने आरोप कबूल अथवा नाकबूल करावयाचे, साक्षीदारांनी शपथेवर साक्ष द्यावयाची व त्यांची उलटतपासणी व्हावयाची, असा हा क्रम होता. साक्षीदारांना बोलावण्याचे व कागदपत्रे मागविण्याचे अधिकारही आयुक्तांना होते. मात्र शेवटची पायरी निराळी होती. आयुक्तांनी शिक्षा द्यावयाची नव्हती. प्रत्येक आरोपावर आपले मत नमूद करून अहवाल शासनाकडे पाठवावयाचा, एवढेच त्यांचे काम होते. पुढे काय करावयाचे ते शासन ठरविणार होते. शिवाय अशी चौकशी न करताही सेवकास निलंबित करण्याचा वा काढून टाकण्याचा शासनाचा अधिकार कायद्याच्या पंचविसाव्या कलमाने अबाधित ठेवला होता.

या रचनेत एक द्वैत आहे. चौकशीला न्यायालयाचे बाह्यरूप आहे, परंतु निर्णय मालकाचा आहे. दंड संहितेत लाच घेण्याविषयीचे कलम १६१ व मध्यस्थाने लाच घेण्याविषयीची कलमे १६२ व १६३ आल्यानंतर १८५० च्या कायद्याची गरज संपली असे झाले नाही. दोन्ही मार्ग शेजारीशेजारी राहिले आणि त्यांतून निवड करण्याचा अधिकार शासनाच्या हाती राहिला.

क्रॉफर्ड आणि मध्य विभागाचा कारभार

आर्थर ट्रॅव्हर्स क्रॉफर्ड हे मुंबई इलाख्यातील नामांकित सनदी अधिकारी होते. १८६५ साली ते मुंबईचे पहिले म्युनिसिपल कमिशनर झाले. शहराची स्वच्छता, रस्ते व मंडई यांसाठी त्यांनी केलेल्या कामाची जशी वाखाणणी झाली, तशीच त्यांच्या बेसुमार खर्चामुळे करदात्यांत चळवळही उभी राहिली. आज महात्मा जोतिबा फुले मंडई या नावाने ओळखली जाणारी मंडई दीर्घकाळ त्यांच्याच नावाने ओळखली जात होती. पुढे ते महसूल विभागाचे कमिशनर झाले आणि १८८८ मध्ये पुणे येथे मध्य विभागाचे कमिशनर म्हणून काम करीत होते.

कमिशनरच्या हाती मामलेदारांच्या नेमणुका, बढत्या व बदल्या यांवर प्रभाव टाकण्याची मोठी सत्ता होती. मामलेदार हा तालुक्याचा महसुली प्रमुख. त्याच्याकडे फौजदारी न्यायदानाचेही अधिकार असत. रयतेच्या दृष्टीने सरकार म्हणजे मामलेदार. अशा माणसाचे पोट व प्रतिष्ठा एका अधिकाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून होती. क्रॉफर्ड हे कर्जात बुडालेले होते, हे सर्वश्रुत होते. त्यांच्या वतीने हणमंतराव हा मध्यस्थ नेमणुकांसाठी, बढत्यांसाठी व गैरसोयीच्या बदल्या टाळण्यासाठी मामलेदारांकडून रकमा घेतो, असा आरोप होता. पैसे न दिल्यास दूरच्या तालुक्यात बदली होईल, ही भीती घालण्यास वेगळ्या धमकीची गरज नव्हती. बदलीचा हुकूम काढण्याची सत्ता पुरेशी होती.

पोलीस प्रमुखाच्या हाती खात्याची चौकशी

लॉर्ड रे हे त्या वेळी मुंबईचे गव्हर्नर होते. त्यांच्या सरकारने पुरावा गोळा करण्याचे काम पोलिसांचे इन्स्पेक्टर जनरल ओमॅनी यांच्याकडे सोपविले. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने ही गोष्ट महत्त्वाची आहे. चौकशी शासनाची, हेतू सेवकाच्या वर्तनाचा निर्णय करण्याचा. परंतु ती करणारा हात पोलिसांचा. जो पुरावा ओमॅनी गोळा करीत होते तो फौजदारी न्यायालयासाठी की शासनाच्या आयोगासाठी, हे साक्ष देणाऱ्या मामलेदाराला कळण्याचा मार्ग नव्हता.

पुरावा मिळविण्यातील अडचण उघड होती. लाच देणाऱ्यांखेरीज या व्यवहारांना दुसरे साक्षीदार नव्हते, आणि लाच देणारा बोलला तर तो स्वतःच्याच गुन्ह्याची कबुली देणार होता. म्हणून मुंबई सरकारने ओमॅनी यांच्यामार्फत अभयवचन दिले : खरे सांगणाऱ्यास त्याच्या कबुलीबद्दल उपद्रव होणार नाही. या वचनावर विसंबून अनेक मामलेदार पुढे आले व त्यांनी दिलेल्या रकमांची हकीकत सांगितली.

जुलै १८८८ मध्ये क्रॉफर्ड यांना निलंबित करण्यात आले. त्यानंतर ते वेषांतर करून पुण्याहून निघाले आणि मुंबईत पकडले गेले. येथून प्रकरणाच्या तीन वाटा झाल्या. मध्यस्थ हणमंतराव याच्यावर फौजदारी न्यायालयात खटला चालला व त्याला कारावासाची शिक्षा झाली. क्रॉफर्ड यांच्यासाठी १८५० च्या कायद्याखाली आयोग नेमला गेला. मामलेदार या दोहोंपैकी कोठेही आरोपी नव्हते. ते साक्षीदार होते आणि एका वचनाचे धनी होते.

एकाच स्वरूपाच्या व्यवहारांबद्दल एतद्देशीय मध्यस्थ न्यायालयात आणि युरोपीय कमिशनर आयोगापुढे, हा भेद कायद्याच्या मजकुरात कोठेही लिहिलेला नव्हता. दंड संहितेचे लाचेविषयीचे कलम लोकसेवकालाच उद्देशून होते, आणि क्रॉफर्ड हे लोकसेवक होते. त्यांच्यावर फौजदारी खटला भरला असता तर १८८४ च्या दुरुस्तीनुसार निम्मे तरी ज्यूरी युरोपीय वा अमेरिकन असावेत अशी मागणी त्यांना करता आली असती. इल्बर्ट विधेयकावरून उसळलेला वाद तेव्हा ताजा होता. शासनाने आयोगाचा मार्ग का पत्करला याची कारणे काहीही असोत, परिणाम स्पष्ट होता : कनिष्ठाला तुरुंगाचा धोका होता, वरिष्ठाला नोकरीचा.

आयोगाचा निष्कर्ष व शासनाचा निर्णय

आयोगावर न्यायमूर्ती विल्सन, क्विंटन व क्रॉस्थवेट हे तीन सदस्य होते. तिघेही मुंबई इलाख्याबाहेरून आणलेले होते. ऑक्टोबर १८८८ पासून पुण्यात चौकशीचे काम सुरू झाले व पुढील वर्षाच्या आरंभी संपले. दोन्ही बाजूंनी नामवंत वकील उभे राहिले. क्रॉफर्ड यांच्या वतीने इनव्हेरॅरिटी यांनी उलटतपासणी घेतली.

बचावपक्षाच्या हाती एक मोठे साधन शासनानेच दिले होते. लाच देणारा हा गुन्ह्यातील साथीदार असतो आणि साथीदाराच्या साक्षीला स्वतंत्र पुष्टी हवी, ही फौजदारी न्यायातील रूढ दक्षता. त्यात या साक्षीदारांना अभयवचन मिळालेले. म्हणजे त्यांनी बोलण्यात त्यांचा लाभ होता असे म्हणावयास जागा मिळाली. ज्या वचनाशिवाय पुरावा मिळणे शक्य नव्हते, त्याच वचनामुळे पुराव्याचे वजन कमी झाले. दुसरी अडचण मध्यस्थाची होती. मामलेदाराने हणमंतरावास पैसे दिले एवढे सिद्ध होऊनही ते क्रॉफर्ड यांच्यापर्यंत पोहोचले अथवा त्यांच्या संमतीने घेतले गेले, हे सिद्ध होत नाही. मध्यस्थाला शिक्षा होणे व मुख्य अधिकारी लाचेच्या आरोपातून सुटणे या दोन गोष्टी म्हणूनच तर्कदृष्ट्या एकत्र नांदू शकल्या.

आयोगाने क्रॉफर्ड यांना लाच घेतल्याच्या आरोपांतून मुक्त केले. मात्र नियमांविरुद्ध आपल्या अधिकारक्षेत्रातील लोकांकडून कर्जे घेतल्याबद्दल दोषी मानले. मुंबई सरकारला हा निष्कर्ष सर्वस्वी मान्य नव्हता. काही लाचेचे आरोप सिद्ध झाले आहेत असे त्याचे मत होते. अखेर भारतमंत्री लॉर्ड क्रॉस यांनी लाचेबाबत आयोगाचे मत ग्राह्य धरले व कर्जांच्या कारणावरून क्रॉफर्ड यांना सेवेतून दूर करण्यात आले.

या निकालात विभागीय चौकशीचे सामर्थ्य व मर्यादा दोन्ही दिसतात. कर्ज घेणे हा दंड संहितेतील गुन्हा नव्हता. फौजदारी न्यायालयाला त्याबद्दल काही करता आले नसते. सेवेच्या दृष्टीने मात्र तो गंभीर गैरवर्तनाचा प्रकार होता, कारण ज्याच्या हाती बदली व बढती आहे त्याला कर्ज नाकारणे कनिष्ठाला शक्य नसते. दुसरीकडे, आयोगाने लाचेचे आरोप तपासताना जी कसोटी लावली ती जवळजवळ फौजदारी न्यायालयाचीच होती. खटल्याचे रूप घेतलेल्या चौकशीने खटल्याची साशंकताही घेतली. पण आरोप सिद्ध झाला असता तरी खटल्याची शिक्षा तिच्या हाती नव्हती.

मामलेदारांचा प्रश्न

क्रॉफर्ड सेवेतून गेले, परंतु प्रकरण मिटले नाही. ज्यांनी शपथेवर लाच दिल्याचे सांगितले ते मामलेदार अजून आपापल्या कचेरीत बसून महसूल वसूल करीत होते व फौजदारी खटले चालवीत होते. इंग्लंडातील वृत्तपत्रांत व पार्लमेंटात ओरड झाली की पद विकत घेतल्याचे स्वमुखाने सांगणारे लोक न्यायासनावर कसे राहू शकतात. हा आक्षेप पोकळ नव्हता. लाच देऊन बढती मिळविलेला मामलेदार ती रक्कम कोठून भरून काढीत असेल, हा प्रश्न रयतेच्या हिताचाच होता.

कायद्याच्या बाजूनेही अडचण निघाली. १८०९ च्या ब्रिटिश पार्लमेंटच्या कायद्याने सरकारी पदांची खरेदी-विक्री हा गुन्हा ठरविला होता, आणि तो हिंदुस्थानातील पदांनाही लागू होता. इलाख्याच्या सरकारने दिलेल्या वचनाने पार्लमेंटचा कायदा बाजूला सरत नव्हता. म्हणजे मुंबई सरकारने जे देऊ केले ते देण्याचा संपूर्ण अधिकार त्याच्याजवळ नव्हता. वचन स्वीकारणाऱ्या तालुक्याच्या मामलेदाराला ही गोष्ट कळणार कशी? त्याने सरकारचा शब्द सरकारचा म्हणूनच घेतला.

यातून हिंदुस्थान सरकारने १८८९ मध्ये साक्षीदारांना दावे व खटले यांपासून संरक्षण देणारा कायदा केला. परंतु तो करताना एक भेद केला गेला. ज्यांनी दडपणाखाली पैसे दिले त्यांना सेवेत ठेवावयाचे; ज्यांनी स्वतःच्या लाभासाठी, स्वेच्छेने पैसे देऊन पद वा बढती मिळविली असे दिसते, त्यांना सेवेत ठेवता येणार नाही. त्यानुसार काही मामलेदार सेवेतून गेले. त्यांच्यावर फौजदारी खटला होणार नव्हता. ते दार कायद्याने बंद केले होते. पण दुसरे दार, खात्याचे, उघडे राहिले आणि त्याच दाराने ते बाहेर पडले.

लोकमान्य टिळकांनी या प्रश्नावर ‘केसरी’ व ‘मराठा’ या पत्रांतून मामलेदारांची बाजू लावून धरली आणि १८८९ मध्ये पुण्यात जाहीर सभा झाली. लाच देणे समर्थनीय आहे असा या चळवळीचा युक्तिवाद नव्हता. शासनाने ज्या शब्दाच्या बळावर पुरावा मिळविला तो शब्द पुरावा वापरून झाल्यावर फिरविता येत नाही, हा तिचा गाभा होता. या भूमिकेतील नैतिक बळ मान्य करूनही तीत एक उणीव राहते. पैसे देऊन बढती घेणाऱ्या मामलेदाराच्या तालुक्यातील शेतकरी या वादात कोठेच दिसत नाही. वचनभंगाचा अन्याय मामलेदारावर झाला. पण ज्याच्याकडून लाचेची रक्कम शेवटी वसूल झाली असण्याचा संभव आहे, त्याची साक्ष घ्यावी असे आयोगालाही वाटले नाही, चळवळीलाही नाही.

येथे १८७२ च्या भारतीय पुराव्याच्या कायद्यातील कलम १३२ ची आठवण होते. साक्षीदाराला स्वतःला गोवणारे उत्तर देणे भाग पडले तर त्या उत्तरावरून त्याच्यावर खटला होऊ नये, असे संरक्षण त्या कलमाने दिले होते. परंतु ते संरक्षण फौजदारी कारवाईपुरते होते. मालकाने नोकराला काढून टाकण्यास त्याचा अडसर नव्हता. फौजदारी प्रक्रियेत माफीचा साक्षीदार ही संस्था विकसित झालेली आहे. माफी कोणी द्यावयाची, कोणत्या अटीवर, ती केव्हा रद्द होते, हे संहितेत लिहिलेले असते. विभागीय चौकशीत तशी संस्थाच नव्हती. ओमॅनी यांचे वचन हे या पोकळीत उच्चारलेले वचन होते.

स्वातंत्र्योत्तर काळ : सीमारेषेची न्यायालयीन आखणी

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ३११ ने शासकीय सेवकास बडतर्फीपूर्वी बाजू मांडण्याची संधी हा संरक्षित हक्क बनविला. त्याचे पूर्वरूप १९३५ च्या भारत सरकार कायद्याच्या कलम २४० मध्ये आढळते. दुसरीकडे अनुच्छेद २०(२) ने एकाच अपराधाबद्दल दोनदा खटला व शिक्षा होणार नाही अशी हमी दिली. आता जुना प्रश्न नव्या रूपात आला : विभागीय चौकशीत शिक्षा झाल्यावर त्याच गोष्टीसाठी फौजदारी खटला भरता येईल काय?

त्याचे उत्तर १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एस. ए. वेंकटरामन विरुद्ध भारत संघ या प्रकरणात दिले. योगायोग असा की हे प्रकरणही १८५० च्या त्याच कायद्याखालील होते. केंद्र शासनाच्या सचिवपदी राहिलेल्या या अधिकाऱ्याची त्या कायद्याखाली चौकशी होऊन १९५३ मध्ये त्याला बडतर्फ केले गेले आणि त्यानंतर त्याच्यावर फौजदारी खटला दाखल झाला. न्यायालयाने असे ठरविले की १८५० च्या कायद्याखालील चौकशी, तिचे रूप कितीही खटल्यासारखे असले तरी, संविधानाच्या अर्थाने खटला नव्हे. आयुक्त केवळ मत देतो, शिक्षा ठोठावत नाही. म्हणून दुसऱ्या कारवाईस बाधा नाही. १८५० च्या रचनेतील द्वैताचा हा शंभर वर्षांनंतरचा उलगडा होता. क्रॉफर्ड यांच्यासमोर आयोग किंवा न्यायालय यांपैकी एकच मार्ग उभा राहिला; वेंकटरामन यांच्यासमोर दोन्ही उभे राहिले.

दोन्ही कारवाया एकाच वेळी चालाव्यात काय, या प्रश्नावर पुढे अनेक निर्णय झाले. दिल्ली क्लॉथ मिल्स विरुद्ध कुशल भान (१९६०) या निर्णयात, प्रकरण गंभीर असेल अथवा त्यात गुंतागुंतीचे प्रश्न असतील तर मालकाने न्यायालयाच्या निकालाची वाट पाहणे इष्ट, असे म्हटले गेले. परंतु तसे बंधन घातले गेले नाही. कुशेश्वर दुबे विरुद्ध भारत कोकिंग कोल (१९८८) मध्ये सर्व प्रकरणांना लागू पडेल असा एकच नियम घालता येणार नाही असे ठरले. राजस्थान राज्य विरुद्ध बी. के. मीना (१९९६) मध्ये न्यायालयाने दुसऱ्या बाजूचा धोका दाखविला : खटले वर्षानुवर्षे रेंगाळतात, तोपर्यंत चौकशी थांबविल्यास अप्रामाणिक सेवक पदावर राहतो. आरोपीची अडचण अशी की चौकशीत बचाव मांडावा तर तो खटल्यापूर्वीच उघड होतो, आणि न मांडावा तर नोकरी जाते.

सर्वांत बोलके उदाहरण कॅप्टन एम. पॉल अँथनी विरुद्ध भारत गोल्ड माइन्स (१९९९) हे होय. सुरक्षा अधिकारी असलेल्या या सेवकाच्या घरावर पोलिसांनी धाड घालून सोने मिळाल्याचे सांगितले. निलंबनकाळात निर्वाह भत्ता न मिळाल्याने त्याला चौकशीला हजर राहता आले नाही. चौकशी एकतर्फी होऊन तो बडतर्फ झाला. फौजदारी न्यायालयाने नंतर धाडीची हकीकतच अविश्वसनीय ठरवून त्याची निर्दोष मुक्तता केली. दोन्हीकडे पुरावा तोच असताना एकीकडे बडतर्फी कायम ठेवणे अन्यायाचे होईल, असे सर्वोच्च न्यायालयाने मानले. तथापि हा सर्वसाधारण नियम नव्हे, हे अजितकुमार नाग विरुद्ध इंडियन ऑइल (२००५) या निर्णयात पुन्हा स्पष्ट झाले. खटल्यात आरोप संशयातीतपणे सिद्ध व्हावा लागतो. चौकशीत संभाव्यतेचे प्राबल्य पुरते. पुराव्याच्या कायद्याचे तांत्रिक नियम चौकशीला काटेकोरपणे लागू नाहीत, हे हरियाणा राज्य विरुद्ध रतनसिंग (१९७७) या बस-वाहकाच्या प्रकरणात आधीच सांगितले गेले होते. उलटपक्षी न्यायालयात दोषसिद्धी झाल्यास अनुच्छेद ३११ च्या परंतुकानुसार चौकशीशिवायही बडतर्फ करता येते. म्हणजे संबंध एकतर्फी आहे : दोषसिद्धी खात्याला पुरेशी आहे, निर्दोषत्व मात्र खात्याला बांधून ठेवीत नाही.

दर्जाचा प्रश्न आणि साक्षीदाराचा प्रश्न

१८८८ च्या दोन समस्यांपैकी पहिली, म्हणजे दर्जानुसार मार्ग ठरण्याची, स्वातंत्र्यानंतरही वेगवेगळ्या रूपांत टिकली. १९४१ मध्ये युद्धकालीन खरेदीतील भ्रष्टाचारासाठी विशेष पोलीस यंत्रणा उभी राहिली, १९४६ मध्ये तिला कायद्याचा आधार मिळाला आणि १९६३ मध्ये केंद्रीय अन्वेषण विभाग स्थापन झाला. संथानम समितीच्या शिफारशीनंतर १९६४ मध्ये केंद्रीय दक्षता आयोग आला. तपासाची यंत्रणा अशी वाढली, पण सहसचिव व त्यावरील अधिकाऱ्यांविरुद्ध चौकशीस पूर्वपरवानगी हवी, हा निर्देश शासनाने काढला. तो १९९७ मध्ये विनीत नारायण प्रकरणात रद्द झाला; २००३ मध्ये त्याच आशयाचे कलम कायद्यात आले; तेही २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने समानतेच्या तत्त्वाविरुद्ध ठरवून रद्द केले. २०१८ च्या दुरुस्तीने दर्जाचा भेद न करता, कर्तव्य बजावताना घेतलेल्या निर्णयांसंबंधीच्या तपासाला पूर्वमान्यतेची तरतूद करण्यात आली. या येरझारांत एकच प्रश्न पुन्हा पुन्हा आला : पोलिसांनी शासनाच्या दारात शिरण्यापूर्वी शासनाची अनुमती घ्यावी काय?

दुसरी समस्या साक्षीदाराची. १९८८ च्या भ्रष्टाचार प्रतिबंध कायद्याच्या कलम २४ ने लाच देणाऱ्याच्या कथनाला खटल्यापासून संरक्षण दिले होते. २०१८ मध्ये ते वगळण्यात आले. त्याच वेळी लाच देणे हा स्वतंत्र गुन्हा ठरवून, ज्याला लाच देणे भाग पडले त्याने सात दिवसांच्या आत तपास यंत्रणेस कळविल्यास तो गुन्ह्यातून वगळला जाईल अशी तरतूद झाली. स्वेच्छेने देणारा आणि दडपणाखाली देणारा हा भेद मराठी वाचकाला अपरिचित नाही. १८८९ साली पुण्याच्या मामलेदारांची वाटणी याच भेदाने झाली होती. फरक एवढाच की तेव्हा हा भेद साक्ष घेतल्यानंतर लावण्यात आला. आता तो आधीच सांगितलेला आहे. हा फरक लहान नव्हे. परंतु बदलीच्या भीतीने पैसे देणारा कनिष्ठ सेवक सात दिवसांत आपल्याच वरिष्ठाविरुद्ध तक्रार करू शकेल काय, हा प्रश्न शिल्लक राहतो. त्याने तक्रार केल्यास फौजदारी कायदा त्याला सोडील, खात्याचे काय?

महाराष्ट्रात शासकीय सेवकांची विभागीय चौकशी महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ यांनुसार चालते आणि लाचेचा तपास लाचलुचपत प्रतिबंधक विभाग करतो. दोन्हींचे कागद एकमेकांकडे जातात. दोन्हींतील आश्वासने मात्र तशी जात नाहीत.

निष्कर्ष

प्रस्तुत विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१. विभागीय चौकशी व फौजदारी तपास यांचे हेतू भिन्न असल्याने त्या दोन्ही असणे आवश्यक आहे. क्रॉफर्ड प्रकरणात कर्जाचा आरोप फक्त चौकशीतच सिद्ध होऊ शकत होता, आणि मध्यस्थाचा गुन्हा फक्त न्यायालयातच शिक्षेस पात्र ठरू शकत होता.

२. या दोहोंतील निवड आरोपाच्या स्वरूपावरून व्हावयास हवी. ती आरोपीच्या दर्जावरून झाल्याचे १८८८ मध्ये दिसते, आणि पूर्वपरवानगीविषयीच्या तरतुदींचा इतिहास पाहता हा प्रश्न स्वातंत्र्यानंतरही सुटलेला नव्हता.

३. १९५४ पासूनच्या न्यायनिर्णयांनी आरोपीच्या हक्कांच्या दृष्टीने ही सीमारेषा बरीच स्पष्ट केली. साक्षीदाराच्या दृष्टीने तेवढी स्पष्टता आलेली नाही.

४. पोलीस व शासन एकत्रितपणे पुरावा गोळा करीत असतील, तर साक्षीदाराला दिलेले अभय दोन्हीकडे बंधनकारक असले पाहिजे आणि ते देणाऱ्यास तसा अधिकार असला पाहिजे. मुंबई सरकारने १८८८ मध्ये हे पाहिले नाही. शासनाचा शब्द अर्धाच खरा ठरला.

क्रॉफर्ड यांनी पुढे दख्खनविषयी पुस्तके लिहिली व आपले नाव राखले. मुंबईच्या मंडईलाही ते दीर्घकाळ चिकटून राहिले. सेवेतून गेलेल्या मामलेदारांची नावे कोणत्याही मंडईला नाहीत. भ्रष्टाचाराविरुद्धच्या लढ्यात वरिष्ठाविरुद्ध बोलण्यास पुढे येणारा कनिष्ठ हाच शासनाचा मुख्य आधार असतो. तो पुन्हा पुढे यावा अशी अपेक्षा असेल, तर खात्याच्या व पोलिसांच्या दोन्ही दारांवर त्याला एकच उत्तर मिळाले पाहिजे.